बारांद यांचे ट्रायलोबाइट

आपल्या बेळगावचा काळा दगड कितीही फोडला तरी त्यात ट्रायलोबाइट सापडणार नाही. तो लाव्हा थिजून झालेला, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. ट्रायलोबाइट म्हणजे पाठीवर तीन उभे भाग असलेले, कवचाचे समुद्री प्राणी. ते 25 कोटी वर्षांपूर्वीच संपले. भारतात त्यांचे जीवाश्म बघायचे तर हिमालयात, स्पितीला जावं लागतं. मी साहित्याची विद्यार्थिनी. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती एका माणसाच्या आयुष्यातून. त्याचं नाव जोआकिम बारांद.

बारांद 1799 साली फ्रान्समध्ये जन्मले आणि शिकून इंजिनियर झाले. पुढे राजा दहावा चार्ल्स याच्या नातवाला शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. 1830 च्या क्रांतीत राजाची गादी गेली. बारांद पक्के कॅथलिक आणि तितकेच राजनिष्ठ. राजघराण्यामागोमाग तेही देश सोडून निघाले आणि 1832 च्या सुमारास प्रागला पोहोचले. शिकवणी लवकरच सुटली, प्राग मात्र सुटलं नाही. घोड्यांनी ओढायच्या रेल्वेसाठी मोजणी करताना त्यांना स्क्रिये गावाजवळ ट्रायलोबाइट सापडले, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी या दगडांना देऊन टाकलं.

ते भूविज्ञानाचे प्राध्यापक नव्हते. हौसेनं सुरू केलेलं हे काम. खाणीतल्या मजुरांशी बोलता यावं म्हणून ते चेक भाषा शिकले. घर सांभाळणाऱ्या बाबिंका या बाईंचं नाव त्यांनी एका शिंपल्याच्या प्रजातीला दिलं. मला ही गोष्ट फार आवडते.

काम मात्र चिकाटीचं. थरांचा दगड थराच्या रेषेतच फोडायचा. एका तुकड्यावर प्राणी मिळतो, दुसऱ्यावर त्याचा ठसा, दोन्ही जपायचे. चिकटलेला दगड भिंगाखाली सुईनं कणाकणानं काढायचा. आणि कुठल्या जागी, कुठल्या थरात सापडला ते लगेच लिहून ठेवायचं, नाहीतर सुंदर नमुनासुद्धा मुका होतो.

ओळखणं त्याहून अवघड. ट्रायलोबाइट वाढताना कात टाकायचे, त्यामुळे डोकं एकीकडे आणि शेपटी दुसरीकडे सापडते. शिवाय पिल्लू मोठ्यासारखं दिसत नाही. साओ हिर्सुटा या ट्रायलोबाइटच्या लहानमोठ्या रूपांना आधी वेगवेगळी नावं दिली गेली होती. बारांद यांनी ती रूपं ओळीनं मांडली आणि सुमारे 20 टप्प्यांत दाखवून दिलं, की हा एकच प्राणी आहे. 1852 पासून त्यांच्या मोठ्या ग्रंथाचे खंड निघू लागले. त्यांनी 3,500 हून अधिक जातींची वर्णनं केली. छपाईच्या खर्चाला जुना विद्यार्थी मदत करत होता.

पुढचा भाग गाळावा असं मला आधी वाटलं होतं. बारांद यांना डार्विनचा उत्क्रांतिवाद शेवटपर्यंत पटला नाही. जुन्या थरांच्या मधेच नव्या काळातले प्राणी सापडले, तेव्हा ते दुसरीकडून लवकर येऊन तात्पुरते वसले असावेत, असं त्यांनी मांडलं. या वस्त्यांना ते वसाहती म्हणत, आणि काहींना तर त्यांनी आपल्या टीकाकारांचीच नावं दिली! प्रत्यक्षात जमिनीच्या हालचालींनी थरच घड्या पडून, तुटून एकमेकांत शिरले होते. बारांद चुकले होते.

कॅथलिक म्हणून मला ते सांगायला जड गेलं. पण सांगायलाच हवं, कारण त्यांचा मोठेपणा तिथेच दिसतो. मत काहीही असो, त्यांनी नमुना बदलला नाही, चित्र मनासारखं वळवलं नाही. म्हणूनच नंतरच्या लोकांना त्यांची चूक दुरुस्त करता आली, आणि त्यांचे खंड आजही उपयोगी पडतात. श्रद्धा असूनही चुकता येतं. चूक कळायला लागणारा पुरावा जपून ठेवणं, हाही प्रामाणिकपणाच.

1883 च्या ऑगस्टमध्ये तो राजपुत्र वारला. काही आठवड्यांतच, ऑक्टोबरमध्ये, बारांदही गेले. राजाला गादी परत मिळाली नाही. बारांद यांचा सगळा संग्रह मात्र त्यांच्या इच्छेनुसार प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयाला मिळाला, म्हणजे ज्या भूमीतून दगड निघाले तिलाच. तिथल्या एका भागाला आज बारांदोव्ह म्हणतात. सिनेमाच्या स्टुडिओमुळे ते नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. ते एका परक्या मास्तरांचं आहे, हे आता आपल्यालाही ठाऊक झालं.