विश्लेषण : सफरचंद भेदणारी गोळी कॅमेऱ्यात थांबवणारा इंजिनीअर! कोण होते हॅरॉल्ड एजर्टन?

फुटणारा पाण्याचा फुगा स्लो मोशनमध्ये टिपणे आज मोबाइलवरही शक्य आहे. पण १९६४ मधला एक फोटो आजही थक्क करतो. रायफलची गोळी सफरचंदातून बाहेर पडून हवेत थबकली आहे आणि फळाच्या दोन्ही बाजूंनी गर उसळला आहे. हा फोटो काढणारे हॅरॉल्ड एजर्टन पेशाने छायाचित्रकार नव्हते, ते इलेक्ट्रिकल इंजिनीअर होते.

सुरुवात कशी झाली?

एजर्टन यांचा जन्म ६ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात झाला. १९२५ मध्ये तिथेच पदवी घेऊन ते पुढे ‘एमआयटी’त दाखल झाले. तिथे ते मोठ्या विद्युत मोटरींचा अभ्यास करत होते. लोड अचानक बदलला की मोटरच्या आत काय घडते, हे वेगामुळे डोळ्यांना दिसत नसे. मात्र मोटरच्या वेगाशी जुळवून प्रकाशाची उघडझाप केली, की फिरणारा भाग जागच्या जागी थांबल्यासारखा दिसतो. याच तत्त्वावर त्यांनी आपला स्ट्रोबोस्कोप विकसित केला. १९३१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विद्यार्थी त्यांना प्रेमाने ‘डॉक’ म्हणत.

गोळी ‘थांबते’ कशी?

गणित सोपे आहे. गोळी सेकंदाला सुमारे ८५० मीटर जाते. शटर सेकंदाचा हजारावा भाग जरी उघडे राहिले, तरी तेवढ्यात ती ८५ सेंटिमीटर पुढे सरकते. फोटोत उरतो तो फक्त पुसट पट्टा.

एजर्टन यांनी शटरवरची भिस्तच काढून टाकली. खोलीत अंधार करायचा, शटर उघडे ठेवायचे आणि कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एका क्षणात मोकळी करायची. त्यातून निघणारा झगमगाट सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो. तेवढ्यात गोळी एक मिलिमीटरही सरकत नाही.

पण फ्लॅश नेमका कधी पेटवायचा? ते काम माइक करतो. गोळीचा आवाज माइकपर्यंत पोहोचला की फ्लॅश उडतो. माइक थोडा पुढे-मागे सरकवला की क्षणही बदलतो.

दुधाचा मुकुट

दुधाच्या पातळ थरावर थेंब पडला की कडेने दुधाची भिंत उभी राहते आणि तिच्या काठावरून बारीक थेंब सुटू लागतात. पूर्ण गोल, नीटस मुकुट मिळावा म्हणून एजर्टन दोन दशकांहून अधिक काळ प्रयत्न करत राहिले. त्यांचा प्रसिद्ध रंगीत फोटो १९५७ मधला आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९३७ मध्येच, अशा मुकुटाचा कृष्णधवल फोटो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये झळकला होता. तरीही आपण कलाकार नसून इंजिनीअर आहोत, असेच ते सांगत.

युद्ध आणि अणुबॉम्ब

याच तंत्राची दुसरी बाजू गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यांचे प्रचंड फ्लॅश विमानांवर बसवण्यात आले. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवरील चढाईपूर्वी रात्रीच्या अंधारात शत्रूच्या हालचाली टिपण्यासाठी ते वापरले गेले.

१९४७ मध्ये एजर्टन, केनेथ जर्मेशाउसेन आणि हर्बर्ट ग्रियर यांनी ‘ईजी अँड जी’ कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या अणुचाचण्यांचे चित्रण या कंपनीने केले. इथे प्रश्न उलटा होता. उजेड डोळे दिपवणारा होता आणि तो क्षणभरच आत घ्यायचा होता. त्यासाठीच्या रॅपट्रॉनिक कॅमेऱ्यात हलणारे शटरच नव्हते. चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने प्रकाशाची वाट उघडली आणि बंद केली जाई. एक कॅमेरा एकच फोटो काढत असल्याने अनेक कॅमेरे एकत्र लावावे लागत. स्फोटाचा आगगोळा पहिल्या काही क्षणांत कसा फुगतो, हे त्यातून दिसले. सफरचंद फुटताना पाहणारी नजर शहरे बेचिराख करू शकणाऱ्या अस्त्राच्या मोजमापालाही कामी आली. एजर्टन यांचे चरित्र ही गोष्ट वगळून सांगता येत नाही.

समुद्राच्या तळाशी

१९५० च्या दशकात त्यांनी फ्रेंच संशोधक झाक कुस्तो यांच्यासाठी खोल समुद्रातील कॅमेरे आणि फ्लॅश तयार केले. कुस्तोंच्या जहाजावर त्यांचे नाव पडले ‘पापा फ्लॅश’. पुढे त्यांच्या सोनार यंत्रांमुळे बुडालेल्या जहाजांचा शोध घेणे सोपे झाले.

४ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, ‘एमआयटी’च्या परिसरातच त्यांचे निधन झाले. पुढच्या वेळी स्लो मोशनमध्ये फुटणारा फुगा पाहाल, तेव्हा अंधाऱ्या खोलीत माइक बोटभर सरकवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्या ‘डॉक’ना आठवा.