आद्य कवयित्री महदंबा : कवित्वाचे उगमस्थान

पुराणप्रसिद्ध कुंडिनपूर, म्हणजे श्रीरुक्मिणीदेवींचे माहेर, ते वर्धा नदीच्या तीरावरील आजचे कौंडिण्यपूर होय, अशी वऱ्हाडची पूर्वापार श्रद्धा आहे. हे स्थान अमरावती जिल्ह्यात आहे. आणि त्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, श्रीगोविंदप्रभूंचे रिद्धपूर आहे. रुक्मिणीच्या विवाहाचे मंगलगान एका स्त्रीच्या मुखातून मराठीत प्रकट व्हावे आणि तेही रुक्मिणीच्याच माहेरभूमीत, हा योग मोठा विलक्षण आहे. त्या स्त्रीचे नाव महदंबा, परंपरेतील महदाइसा.

आपल्या मार्गातील तरुण वासनिक व भिक्षू पदे, आरत्या, ओव्या रचू लागले म्हणजे एक प्रश्न हटकून विचारतात : स्फूर्ती यावी कशी? छंद शिकविता येतो, शब्दसंग्रह वाढविता येतो. परंतु कवित्वाचा झरा कोठून फुटतो, हे सांगावे कसे? या प्रश्नाचे उत्तर महदंबेच्या चरित्रात आहे, असे आम्हास वाटते.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीस यादवांचे राज्य असताना हे चरित्र घडले. श्रीनागदेवाचार्य हे महदंबेचे चुलत बंधू. घराणे विद्येचे, परंतु तिच्या वाट्यास वैधव्य आले. प्रारंभी ती दादोस यांच्या शिष्यवर्गात होती. पुढे श्रीचक्रधरस्वामींचे संनिधान लाभले आणि तिच्या जन्माची दिशा ठरली. लीळाचरित्रात महदंबा वारंवार भेटते आणि बहुधा काही विचारीतच भेटते. ऐकलेल्या वचनाचा अर्थ, पाहिलेल्या गोष्टीचे कारण, आचारातील सूक्ष्म भेद, सर्वांविषयी तिचे प्रश्न. अर्धवट कळलेले तिला सोसत नसे. सर्वज्ञांनी या वृद्ध साधिकेच्या जिज्ञासेचा कौतुकाने उल्लेख केल्याचे आपल्या ग्रंथांत नमूद आहे. कवित्वाची पहिली मशागत ही. जो विचारतो त्याला ऐकावे लागते, आणि ऐकलेले अंतःकरणात साठवावेही लागते.

स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केले. संनिधानाचे सुख भोगलेल्यांवर असन्निधानाचे दुःख कोसळले. नागदेवाचार्यांसह भक्तजन रिद्धपुरास आले आणि श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. महदंबाही त्यांत होती. याच काळात म्हाइंभटांनी भक्तांना विचारून विचारून स्वामींच्या लीळा संकलित केल्या. महदंबेसारख्या प्रश्नशील साधिकेजवळ त्या आठवणींचा मोठाच ठेवा होता. तिचे प्रश्न आता स्मरण झाले होते.

श्रीगोविंदप्रभूंची लीळा बालकासारखी, लौकिक मर्यादांच्या पलीकडची. रिद्धपुरातील लहानथोर त्यांना राऊळ म्हणून ओळखीत, कोणी माय मानी, कोणी बाप. एकदा प्रभूंनी विवाहाची प्रवृत्ती प्रकट केली. भक्तांनी सोहळा मांडला आणि धवळे गाण्याची आज्ञा महदंबेस झाली. धवळा म्हणजे विवाहप्रसंगी स्त्रियांनी गावयाचे मंगलगीत. हा प्रकार तेव्हा नवा नव्हता; यादवांच्याच आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात धवल प्रबंधाचे लक्षण दिले आहे. उत्तर कोकणात आजही धवलारिणी लग्नात धवळे गातात, आणि अकोला-अमरावतीकडील खेड्यांत हळदीच्या व मांडवाच्या गीतांत स्त्रियांच्या कंठातील तीच परंपरा वेगळ्या नावाने नांदते आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. ज्या समाजात विधवेची सावलीही मांडवात नको असे, त्या समाजातील एका वृद्ध विधवेस विवाहगीत गाण्याची आज्ञा होत आहे. लोकांनी जे गाणे तिच्यापासून काढून घेतले होते, ते प्रभूंनी तिला परत दिले. तिने संकोच केला असता, उद्या सुचेल म्हणाली असती, तर आज धवळे नसते. परंपरा सांगते की तिने तेथल्या तेथे रचून गायिले. विषय निवडला तो श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. समोरच्या प्रभूंत तिने श्रीकृष्णच पाहिला. रुक्मिणीची उत्कंठा, तिने धाडलेला निरोप, वाट पाहण्याची व्याकुळता हे सर्व महदंबेस पुस्तकातून आणावे लागले नाही. स्वामींच्या वियोगात तिने स्वतः ते भोगले होते.

पुढे श्रीप्रभूंचेही प्रयाण झाले. धवळ्यांचा उत्तरार्ध त्यानंतरचा आहे. पूर्वार्धात ज्यांच्या समोर गायिले तेच आता नव्हते. तरी कथा अर्धी ठेवणे तिला रुचले नाही. तिने मातृकी रुक्मिणीस्वयंवरही रचले. त्यात वर्णमालेच्या अक्षरक्रमाने पद्ये बांधली आहेत. एकच विषय, पण एकदा आज्ञेसरशी ओघाने आलेला आणि एकदा अक्षरांच्या बंधनात जाणीवपूर्वक घडविलेला. नवा विषय मिळत नाही म्हणून खंत करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. विषय जुना असला तरी अंतःकरणाचा त्याच्याशी संबंध जिवंत असला की तो पुनःपुन्हा फळतो.

भाषेविषयीही एक गोष्ट स्मरणीय आहे. केशिराजांसारखे पंडित संस्कृत रचनेकडे वळले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस आवरले. आपल्यातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील ही त्यांची चिंता होती. ज्या वृद्ध स्त्रियांसाठी आचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, त्यांच्यापैकीच एक मराठीची आद्य कवयित्री ठरावी, यात त्या आग्रहाचे सार्थक आहे.

सकळ लिपीच्या आवरणामुळे आपले ग्रंथ कित्येक शतके बाहेरच्या जगास अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या लिपीचा उलगडा झाला आणि महदंबेचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आले. आता रिद्धपुरासच मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथे शिकणाऱ्यांस धवळ्यांची पाठचिकित्सा शिकविली जाईलच.

आमच्या तरुण रचनाकारांस एवढेच सांगणे आहे की स्फूर्तीची वाट पाहत लेखणी हाती धरून बसू नये. विचारावे, ऐकावे, ऐकलेले स्मरणात घोळवावे. आपल्या घरच्या वृद्ध स्त्रिया कोणत्या चालीवर गातात, ते त्यांच्याजवळ बसून शिकावे. आपले दुःख लपवू नये, त्यास स्मरणाच्या सेवेस लावावे. मग ज्या दिवशी कोणी गा म्हणेल, त्या दिवशी जे असेल ते गावे. महदंबेने याहून निराळे काही केले नाही.

दंडवत प्रणाम.