कांद्याच्या सालीचे गुपित शोधणारे कार्ल पॉल लिंक

 

कार्ल पॉल लिंक यांचा जन्म ३१ जानेवारी १९०१ रोजी अमेरिकेत इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात दहा भावंडे होती. लिंक मॅडिसन येथे विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकले. १९२५ साली ते डॉक्टर झाले. सुई टोचणारे डॉक्टर नाहीत बरं का! खूप अभ्यास केल्यावर मिळते ती पदवी. पुढे युरोपात आणखी शिकून ते त्याच विद्यापीठात शिकवू लागले. वनस्पतींच्या अंगात कोणती रसायने असतात, याचा ते अभ्यास करीत.

तिकडे कांद्यावर एक बुरशी पडायची. सालीवर काळे काळे ठिपके यायचे. पण गंमत अशी, की पांढऱ्या कांद्याला हा रोग फार व्हायचा, तांबड्या आणि पिवळ्या कांद्याला मात्र होत नसे. असे का? वॉकर नावाच्या शास्त्रज्ञांनी पाहिले, की रंगीत कांद्याची वरची वाळकी साल पाण्यात भिजवली की त्या पाण्यात बुरशीचे बीजाणू उगवतच नाहीत. मग सालीत आहे तरी काय, ते लिंक आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधले. १९२९ साली प्रोटोकॅटेच्युइक आम्ल सापडले आणि १९३३ साली कॅटेकॉल. ओल आली की ही द्रव्ये सालीतून पाण्यात उतरतात आणि बुरशीला आत शिरू देत नाहीत. म्हणजे साल ही कांद्याची राखणदारच! आणि आपण ती फुंकर मारून उडवून देतो.

१९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे ३०० किलोमीटर येऊन लिंक यांच्याकडे पोचला. त्याने मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये रक्त आणि खराब झालेला चारा आणला होता. ते रक्त गोठतच नव्हते. त्याची जनावरे रक्त वाहून मरत होती. तो चारा स्वीट क्लोव्हर नावाचा, आपल्या मेथीसारखी तीन-तीन पाने असलेला. ओला राहून त्याला बुरशी लागली होती. त्या दिवशी लिंक यांच्याकडे औषध नव्हते. हा चारा घालू नका, एवढेच ते सांगू शकले. बिचारा शेतकरी तसाच माघारी गेला. मला हे वाचून फार वाईट वाटले. आमची गाय मेली असती तर आमच्या घरी कोणी जेवले नसते.

पण लिंक यांनी ते मनावर घेतले. ते आणि त्यांचे विद्यार्थी सहा वर्षे झटले. १९३९ साली त्यांना ते विष सापडले. चाऱ्यात कुमारिन नावाचे वासाचे द्रव्य असते. बुरशी लागली की त्यापासून डायकुमारॉल बनते, आणि त्याने रक्त गोठत नाही. पुढे त्यावरून वॉरफरिन तयार झाले. १९४८ पासून ते उंदीर मारायला वापरू लागले. नंतर तेच अगदी थोड्या मापात माणसांचे औषध झाले. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून डॉक्टर आजही ते देतात. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते कधीच घ्यायचे नसते.

लिंक २१ नोव्हेंबर १९७८ रोजी वारले.

मित्रांनो, कांद्याची साल आपण उकिरड्यावर टाकतो, पण लिंक यांनी तिच्यातच शोध लावला. आमच्या घरी कांदे निवडताना आई साल गेलेले कांदे बाजूला काढून आधी खायला घेते. आता मला वाटते, आईलासुद्धा थोडे शास्त्र येते. पालकांनो, बुरशी आलेला चारा जनावरांना घालू नका, एवढीच माझी विनंती.

– इयत्ता ४ थी