कोचीन बंदराचे शिल्पकार : सर रॉबर्ट ब्रिस्टो

मुंबईला खोल पाणी निसर्गाने दिले. कोचीनला ते माणसाने मिळवून दिले. महाराष्ट्रातून येऊन या गावी संसार थाटलेल्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकांचे विलिंग्डन बेटावर नित्य जाणे-येणे असते; परंतु त्या बेटाची बहुतेक भूमी शंभर वर्षांपूर्वी पाण्याखाली होती, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. ज्या गावाने आपल्याला आश्रय दिला, त्याचे बंदर घडविणाऱ्या सर रॉबर्ट ब्रिस्टो यांचे स्मरण या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत करणे आम्हांस उचित वाटते.

ब्रिस्टो यांचा जन्म १८८० साली इंग्लंडमध्ये झाला. ब्रिटिश आरमारी खात्यातील कामाचा अनुभव गाठीशी घेऊन ते एप्रिल १९२० मध्ये मद्रास सरकारचे बंदर-अभियंता म्हणून कोचीनला आले. त्यावेळी मद्रासचे गव्हर्नर होते लॉर्ड विलिंग्डन. तत्पूर्वी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना ते परिचित होतेच.

१३४१ सालच्या पेरियार नदीच्या महापुराने कोचीनचे मुख उघडले, असे परंपरेने मानले जाते. आत विस्तीर्ण, शांत खाडी. पण मुखाबाहेर वाळूचा कठीण दांडा आडवा पसरलेला, आणि त्यावर ओहोटीला जेमतेम आठ-दहा फूट पाणी. मोठ्या आगबोटींना बाहेर भर समुद्रात नांगर टाकावा लागे. माल पडावांतून आत-बाहेर होई, आणि पावसाळ्यात तर या व्यवहाराचे अतोनात हाल होत.

दांडा कापावा, ही कल्पना जुनीच होती. अडत होते ते परिणामांच्या भीतीपाशी. दांडा कापला तर लाटा थेट आत येतील, वायपीनचा किनारा वाहून जाईल, अशी शंका जाणकारांनाही होती. ती पोकळ नव्हती, कारण त्या किनाऱ्यावर माणसांची घरे होती. ब्रिस्टो यांनी ती हसण्यावारी नेली नाही. आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा इथेच आहे. प्रवाह, भरती-ओहोटी, मोसमी वारे आणि वाळूची हालचाल यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला, आणि योजना शक्य असल्याचा निर्वाळा गव्हर्नरांना दिला. मग वायपीनच्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी दगडी बांध घातले. आधी किनारा, मग कालवा, हा त्यांचा क्रम होता. घाईच्या काळात असे अभियंते विरळाच!

पैशाचा प्रश्न याहून कमी बिकट नव्हता. मद्रास सरकार, कोचीन संस्थान आणि त्रावणकोर संस्थान या तिघांना एकत्र आणून जकातीच्या उत्पन्नाची वाटणी ठरविणे हे दांडा कापण्याइतकेच चिवट काम. ते यथावकाश जमले.

१९२६ पासून ‘लॉर्ड विलिंग्डन’ नावाचे गाळ उपसणारे जहाज कामाला लागले. दिवसाचे सुमारे २० तास ते चालत असे. सुमारे साडेतीन मैल लांब आणि ४५० फूट रुंद असा मार्ग कापला गेला. उपसलेला गाळ वाया न घालविता त्याचाच भराव करून खाडीत बेट उभारले. तेच आजचे विलिंग्डन बेट. २६ मे १९२८ रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली. १९३६ साली कोचीनला मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला.

धक्के, पूल, रेल्वे यांची हकीकत विस्तारभयास्तव सोडून देतो. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. भारतीयांना क्लबांची दारे बंद असण्याच्या त्या काळात ब्रिस्टो पतिपत्नींनी एर्नाकुलमला लोटस क्लब स्थापन केला आणि तो भारतीयांसह सर्वांना खुला ठेवला.

तथापि सारी गणिते सुटली, असे म्हणणे धाडसाचे होईल. फोर्ट कोचीनची पुळण पुढे झिजत गेली आणि दक्षिणेस चेल्लानमला समुद्र घरांत शिरू लागला. काही अभ्यासक त्याचा संबंध या खोल मार्गाशीही जोडतात. वायपीनच्या किनाऱ्याचा विचार झाला, तसा दक्षिणेकडच्या कोळीवाड्यांचाही व्हायला हवा होता, असे आम्हांस वाटते.

ब्रिस्टो १९४१ साली निवृत्त होऊन मायदेशी परतले. ‘कोचीन सागा’ हा त्यांचा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला आणि १९६६ साली त्यांचे निधन झाले. पावसाळ्यात मार्गात गाळ येऊन बसतो, आणि तो उपसण्याचे काम आजही सुरूच आहे.