पानगळीतही जागे असलेले अंगण

नोव्हेंबर आला, की युरोपातील बागा ओक्याबोक्या दिसू लागतात. फुले सरलेली, पाने गळालेली. किडेमुंग्या आता थेट वसंतातच दिसणार, असे लोक धरून चालतात. झां-आंरी फाब्र मात्र या दिवसांतही आपल्या अंगणात शोध घेत राहिले.

दक्षिण फ्रान्समधील सँ-लेओं या खेड्यात 1823 मध्ये एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पोटासाठी शिक्षकी आणि फावल्या वेळात कीटकांचे निरीक्षण, असा त्यांचा दिनक्रम होता. गांधीलमाश्यांवरील त्यांच्या अभ्यासाचा दाखला डार्विन यांनीही आपल्या ग्रंथात दिला. आविन्योंमध्ये ते संध्याकाळचे मोफत वर्ग घेत. तिथे मुलींसमोर फुलांचे फलन समजावून सांगितले, म्हणून सनातनी मंडळी खवळली. 1870 मध्ये नोकरी सुटली, घरही सोडावे लागले. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी दिलेल्या उसन्या पैशांवर संसार सावरला. 1877 मध्ये सोळा वर्षांचा मुलगा ज्यूल गेला. किडे शोधताना वडिलांच्या सोबत असणाऱ्या या मुलाचे नाव फाब्र यांनी तीन गांधीलमाश्यांना दिले.

1879 मध्ये सेरिन्यान गावी त्यांना स्वतःची जागा मिळाली. जेमतेम हेक्टरभर, दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची पडीक जमीन. शेतीला निरुपयोगी असे हे ‘हार्मास’ पुढे 36 वर्षे त्यांची प्रयोगशाळा ठरले.

पानगळीत इथे बरेच काही सापडे. झुडपात पट्टेरी कोळ्याची रेशमी पिशवी लटकलेली असे. आकार कबुतराच्या अंड्याएवढा, आत मऊ तांबूस रेशमाची गादी आणि त्यात सुमारे पाचशे अंडी. थंडीत आई मरून जाते, पण पिल्ले या पिशवीच्या उबेत हिवाळा काढतात. बिळात राहणारी लायकोसा कोळीण मात्र पिल्लांना पाठीवर घेऊन वसंतापर्यंत जगते.

दारापुढच्या पाइनच्या झाडांवर नोव्हेंबरमध्ये सुरवंट एकत्र येऊन रेशमाचे मोठे घरटे विणत. ही घरटी फाब्र आधी काठीने काढून टाकत. पुढे त्यांनी ती राहू दिली आणि अभ्यास सुरू केला. या सुरवंटांचे केस लागले, की अंगाला असह्य खाज सुटते. कारण शोधण्यासाठी त्यांनी टाकलेल्या कातींचा ईथरमध्ये अर्क काढला आणि स्वतःच्याच हातावर बांधला. कातडी सुजली, फोड आले. ईथरने धुतलेले केस मात्र निरुपद्रवी ठरले. म्हणजे त्रास केस टोचल्यामुळे नव्हे, तर त्यांच्यावरील रासायनिक द्रव्यामुळे होत होता.

अशी निरीक्षणे त्यांनी साध्या, रसाळ भाषेत दहा खंडांत लिहिली. शेवटचा खंड 1907 मध्ये आला. पैसा उशिरापर्यंत बेताचाच राहिला. 1915 च्या ऑक्टोबरमध्ये, पानगळीच्याच दिवसांत, वयाच्या 91 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हार्मास आज संग्रहालय म्हणून जपले आहे.

वाळक्या काड्या आणि पाचोळा म्हणजे केवळ कचरा नव्हे. पुढच्या वसंतातील जीवसृष्टी त्यातच दडलेली असते. हे दाखवायला फाब्र यांना दूरच्या जंगलात जावे लागले नाही. घरामागची नापीक जमीन आणि तासन् तास बसून पाहण्याची तयारी त्यांना पुरली.