फादर स्टीफन्स : कुंकळ्ळीनंतरची छत्तीस वर्षे



फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेले असते. मराठी भाषेला मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा देणारे परदेशी धर्मगुरू, एवढीच त्यांची ओळख बहुधा लक्षात राहते. आम्हाला मात्र त्यांच्या आयुष्यातले १५८३ हे एक वर्ष वारंवार आठवते. क्षमा म्हणजे काय हे समजून घ्यायला ते वर्ष फार उपयोगी आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. तो काळ तेथील कॅथलिकांच्या छळाचा होता. थॉमस पाउंड या मित्राबरोबर रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचा असे त्यांनी ठरवले होते. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. मायदेशी ते परत कधीच गेले नाहीत.

त्यांचे कार्यक्षेत्र होते साष्टी. १५८३ च्या जुलै महिन्यात याच साष्टीतील कुंकळ्ळी गावी येशूसंघाच्या पाच जणांना ग्रामस्थांनी ठार मारले. त्यांत फादर रुदोल्फ आक्वाविवा होते. अकबर बादशहाच्या दरबारात सुमारे तीन वर्षे राहून ते नुकतेच गोव्याला परतले होते. या पाच जणांना १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी धन्यवादित घोषित केले, हे आपण जाणतो. दुसरी बाजूही आपण जाणली पाहिजे. त्याआधी पोर्तुगीज फौजेने त्या गावाची देवळे पाडली होती, आणि मारल्या गेलेल्यांपैकी फादर पाशेको व फादर बेर्नो हे त्या मोहिमेत फौजेबरोबर गेले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायच्या निमित्ताने आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दगा करून ठार मारले. त्या पुढाऱ्यांचे स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. दोन्हीकडच्या मृतांसाठी प्रार्थना करायला आपल्याला जड जाऊ नये, असे आम्हाला वाटते.

स्टीफन्स तेव्हा चौतिशीचे होते. आपल्याच संघबंधूंचे रक्त सांडलेल्या त्या मुलखाकडे पाठ फिरवायला त्यांच्याकडे पुरेसे कारण होते. पण त्याच ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला, रिचर्डला, पत्र लिहिले आणि त्यात इथल्या भाषांचे कौतुक केले. या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, हे त्यांच्या लक्षात आले होते. विल्यम जोन्स यांनी हाच विचार १७८६ साली मांडला तेव्हा विद्वान चकित झाले. स्टीफन्स यांना ते दोनशे वर्षे आधीच दिसले होते.

वर्ष संपता संपता आणखी एक प्रसंग घडला. न्यूबेरी, फिच, लीड्स आणि स्टोरी या चार इंग्रजांना हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझला पकडून गोव्याच्या तुरुंगात आणण्यात आले. त्यांच्याजवळ एलिझाबेथ राणीची अकबराच्या नावे पत्रे होती. याच राणीच्या राज्यात पाउंड तुरुंगात खितपत पडले होते. याच राज्यात १५८१ साली येशूसंघाचे फादर एडमंड कॅम्पियन यांना देहदंड दिला गेला होता. तरीही स्टीफन्स या चौघांच्या मदतीला धावून गेले, आणि डिसेंबरमध्ये ते जामिनावर सुटले. पुढे त्यांतले काही जण जामीन मोडून पळाले, हे ओघाने सांगितले पाहिजे. उपकाराची फेड होतेच असे नाही!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे एक तत्त्व आम्ही घोकले होते: घेणारा जसा असतो, तशाच रीतीने त्याला दिलेली गोष्ट त्याच्यात उतरते. स्टीफन्स यांनी हे तत्त्व कृतीत आणले. साष्टीतील नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे काढून घेतली होती. आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे काही का देत नाही, असा त्यांचा प्रश्न खुद्द ख्रिस्तपुराणातच येतो. राज्यकर्त्यांना तो उद्धटपणा वाटला असता. स्टीफन्स यांना त्यात भूक दिसली. त्यांनी पुराणच लिहिले, आणि तेही ओवीत. स्वर्गाला वैकुंठ म्हणायला ते कचरले नाहीत. दोन भाग, एकूण १०,९६२ ओव्या. मराठीची अक्षरे पाडण्याची सोय नसल्यामुळे १६१६ साली राशोल येथे ते रोमी लिपीत छापले गेले.

क्षमा म्हणजे झाले गेले विसरणे, अशी आपली समजूत असते. गावाकडे वावराच्या बांधावरून भाऊ भावाशी बोलत नाही, आणि इथे धायरीत राहूनही तो अबोला आपण जपतो. विसरायला सांगितले की जमत नाही, म्हणून क्षमाही राहून जाते. कुंकळ्ळीची घटना विसरणे साष्टीत राहणाऱ्या स्टीफन्स यांना शक्यच नव्हते. पण एका दिवशी हातात शस्त्र घेतलेल्या समाजाकडे त्या एका दिवसापुरते पाहायचे नाही, त्यांच्या ओठांवरची ओवीही ऐकायची, हे त्यांना जमले. कलावंत दगडात मूर्ती पाहतो, तसेच हे पाहणे होते. त्यासाठी त्यांनी आयुष्यभर मेहनत केली. भाषेचे व्याकरण रचले, प्रश्नोत्तरी लिहिली. १६१९ साली गोव्यातच ते देवाघरी गेले. व्याकरण त्यांच्यामागे १६४० साली छापले गेले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने कोकणी भाषेवरच बंदी घातली. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, म्हणून १९०७ साली सालढाणा यांना मंगळूरला ते पुन्हा छापता आले. देवनागरीत ते आणले शांताराम बंडेलू यांनी, १९५६ साली, आपल्या पुण्यातून.

आपल्या धर्मग्रामात गोवा-मंगळूरकडची बरीच कुटुंबे आहेत. कोणाच्या घरी आजी-आजोबांच्या तोंडून या ओव्या ऐकल्याचे आठवत असेल, तर रविवारच्या मिस्सानंतर आम्हाला जरूर भेटावे.