बुगाटीची गाडी आणि माझी केटी

फोर्थ सेमला थिअरी ऑफ मशीन्सने दगा दिला आणि अस्मादिक केटीधारक झाले! घरी बाबांना सांगायची हिंमत नव्हती, म्हणून अभ्यासाचं निमित्त काढून दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलवरच थांबलो. मेस बंद, विंग रिकामी... अभ्यास सोडून एक मॉडेल करायला घेतलं. १९२४ सालची रेसिंग कार, बुगाटी टाइप ३५, स्केल १:१२. खऱ्या गाडीच्या दोन ॲक्सलमधलं अंतर २.४ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २०० मिलिमीटर. गणित सोपं, म्हणून हीच गाडी निवडली, खरं सांगतो! पण एकेक भाग घडवताना तो बनवणारा माणूस कळत गेला.

एत्तोरे बुगाटीचा जन्म १८८१ चा, इटलीतल्या मिलानचा. वडील कार्लो नामवंत फर्निचरकार, धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पं करणारा. एत्तोरेकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. तो मिलानच्या एका कारखान्यात उमेदवारीला लागला आणि १९०१ मध्ये, ऐन विशीत, त्याच्या गाडीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं. पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी डिझाइन करता करता कोलोनमधल्या राहत्या घराच्या तळघरात त्याने स्वतःची छोटी गाडी बनवली. १९०९ मध्ये अल्सेस प्रांतात मोल्सहाइमला कारखाना काढला. हा भाग तेव्हा जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे गेला.

हे वाचून मी जाम खूश! पदवी नाही म्हणजे केटीही नाही! पण ही खुशी पुढच्या ॲक्सलपर्यंतच टिकली.

टाइप ३५ चा पुढचा ॲक्सल आतून पोकळ. कमानपाटे त्याच्यातल्या चौकोनी भोकांतून आरपार जातात. मी पितळी नळीला भोक पाडायला गेलो, तर नळी चेपली. एकदा नाही, तीनदा! शेवटी वर्कशॉपच्या काकांनी आधी आत लाकडी दांडी ठोकायला सांगितली, मग भोक जमलं. बुगाटीकडे पुस्तक नसेल, पण उमेदवारी होती. माझ्याकडे दोन्ही नव्हतं!

चाकाने तर आठवडा खाल्ला. त्या काळी रेसिंग कारला तारांच्या स्पोकची चाकं असायची. बुगाटीने ॲल्युमिनियमचं ओतीव चाक केलं. आठ चपटे स्पोक आणि ब्रेक ड्रम चाकालाच जोडलेला. चाक काढलं की ड्रमही निघतो आणि ब्रेक शू समोर दिसतात!

पण ऑगस्ट १९२४ मध्ये ल्योंच्या ग्रां प्रीत ही गाडी पहिल्यांदा उतरली आणि खास बनवून घेतलेल्या टायरनीच घात केला. सगळ्यात चांगला नंबर सातवा! त्याने गाडी मोडीत काढली नाही, दोष निस्तरला. १९२५ ते १९२९ सलग पाच वर्षं सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत बुगाटीच्याच गाड्यांनी जिंकली.

साहेब हट्टीही तेवढेच. दुसरे हायड्रॉलिक ब्रेक बसवत असताना हे कित्येक वर्षं केबललाच धरून बसले. १२.७ लिटर इंजिनची अवाढव्य रोयाल काढली, सहा बनल्या, गिऱ्हाइकांना तीनच विकल्या गेल्या. पण तीच इंजिनं १९३३ पासून फ्रान्समध्ये रेल्वेच्या डब्यांना लावली. १९३६ मध्ये कारखान्यात संप झाला. आपली माणसं उलटली हे त्याच्या मनाला फार लागलं.

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. धाकट्या रोलांसाठी या बापाने टाइप ३५ चं अर्ध्या मापाचं, बॅटरीवर चालणारं मॉडेल बनवलं होतं, मुलाला बसून चालवता येईल असं. आणि कारखान्याचा खरा वारस, थोरला जाँ, ११ ऑगस्ट १९३९ रोजी मोल्सहाइमजवळ रेसिंग कारची चाचणी घेताना अपघातात गेला. वय अवघं ३०. पुढे महायुद्ध आलं, आणि २१ ऑगस्ट १९४७ रोजी एत्तोरेही पॅरिसमध्ये वारला. घराण्याची कंपनी त्यानंतर पूर्वीसारखी उभी राहिली नाही.

ते वाचलं त्या रात्री चौथं चाक बसवलं, बुटांच्या खोक्यात मॉडेल ठेवलं आणि सकाळची एसटी पकडली. बाबांनी चाक फिरवून बघितलं, मग केटीचं सगळं ऐकून घेतलं. अपेक्षेपेक्षा कमी रागावले. नंतर विचारलं, ॲक्सलच्या चेपलेल्या तीन नळ्यांचं काय केलंस?

जपून ठेवल्यात. केटीच्या पुस्तकाशेजारीच!